पाया वीस मीटर

एकतीस वर्षे मी भौतिकशास्त्र शिकवले. पहिली आठ साताऱ्यात, पुढची तेवीस सांगलीत, विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात. संपादकांनी त्या नोकरीविषयी लिहायला सांगितले तेव्हा बढत्या आणि बदल्यांचा इतिहास लिहिणार नाही असे मी कळवले. त्यात वाचण्यासारखे काही नाही. तृतीय वर्षाला मी खगोलशास्त्राचा एक छोटा भाग शिकवत असे. ताऱ्यांची आणि दीर्घिकांची अंतरे कशी मोजतात, कोणत्या एककांत सांगतात, एवढाच तो भाग. त्याविषयी आणि त्याच्या एका प्रयोगाविषयी लिहितो.

अंतर सांगायला किलोमीटर का पुरत नाही, येथून सुरुवात करावी लागते. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे चाळीस लाख कोटी किलोमीटरवर आहे. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गातल्या निम्म्या मुलांची शून्ये चुकत. आकडा वाचता आला तरी त्यातून काही कळत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या सोयीची मापे केली. पहिले, पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचे सरासरी अंतर. याला खगोलीय एकक म्हणतात. ते सुमारे पंधरा कोटी किलोमीटर आहे. सूर्यमालेपुरते ते उत्तम चालते. दुसरे प्रकाशवर्ष. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर कापतो तेवढे, म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो; त्या जवळच्या ताऱ्याचा यायला सव्वाचार वर्षे लागतात. वर्तमानपत्रांना हे माप आवडते. खगोलशास्त्रज्ञ मात्र आपापसांत बोलताना तिसरे माप वापरतात. ते पार्सेक. प्रकाशवर्ष हे पाहुण्यांसमोर ठेवण्याचे एकक आहे आणि पार्सेक घरातले, असे मी वर्गात सांगत असे.

पार्सेक समजायला पराशय समजावा लागतो. हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी एका डोळ्याने पाहा, मग दुसऱ्या. मागच्या भिंतीवर अंगठा सरकलेला दिसेल. अंगठा जवळ आणला तर जास्त सरकेल, लांब नेला तर कमी. हे सरकणे म्हणजे पराशय. दोन डोळ्यांमधले अंतर ठाऊक असेल आणि सरकण्याचा कोन मोजला, तर अंगठा किती दूर आहे ते हात न लावता सांगता येते. दोन डोळ्यांमधल्या त्या अंतराला पाया म्हणतात.

हे मी शेकडो वेळा समजावले असेल. त्यातली सर्वांत चांगली फोड माझी नाही. कऱ्हाडजवळ मलकापूरला एका व्याख्यानमालेत मी सभागृहातल्या सगळ्यांना अंगठे धरायला लावले होते. पहिल्या रांगेत ऊस बागायतदार दिसणारे एक म्हातारे गृहस्थ हाताची घडी घालून बसून राहिले. मी कारण विचारले.

"मला येकाच डोळ्यानं दिसतंय, सर. दुसऱ्यात मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "माजा आंगठा कसा सरकायचा?"

सभागृह हसले. मी त्यांना उभे राहून दोन पावले बाजूला सरकायला सांगितले. समोरच्या खांबावरून मागचे घड्याळ कुठे दिसते ते आधी पाहा आणि सरकल्यावर पुन्हा पाहा, असे म्हणालो. त्यांनी तसे केले आणि तिथेच थांबले.

"म्हंजी ज्याला येकच डोळा हाय, त्यानं हिंडाय पायजे."

"बरोबर."

"मंग आपुन पृथ्वीवरनं येकाच जाग्यावरनं बघतुया. आपुन कवा हिंडायचं?"

मी म्हणालो, आपण बसल्या जागी हिंडतो. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असते, जुलैत दुसऱ्या. त्यांनी मान हलवली आणि खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाले, "तिकीट बी लागत न्हाई, गड्या." त्यानंतर मी वर्गात अंगठा सोडून दिला आणि एका डोळ्याचा माणूस सांगू लागलो.

जानेवारीत आणि जुलैत तारा पाहिला की मागच्या फार दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या निम्मा कोन म्हणजे ताऱ्याचा पराशय, आणि त्याचा पाया एक खगोलीय एकक. कोनाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक कला, कलेचे साठ भाग केले की एक विकला. विश्रामबागेत उभे राहून पाच किलोमीटरवर मिरजेत कोणी धरलेले रुपयाचे नाणे पाहिले, तर ते जेवढे दिसेल तेवढी विकला. ज्या ताऱ्याचा पराशय एक विकला, तो एक पार्सेकवर. पराशय अर्धी विकला असेल तर दोन पार्सेक, दशांश विकला असेल तर दहा. एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे. दीर्घिकांसाठी दहा लाख पार्सेकचे एकक घेतात. तेथे पराशय मोजण्याच्या पलीकडे जातो आणि ताऱ्यांच्या तेजावरून अंतर काढावे लागते. पण त्या तेजाचा हिशेबही जवळच्या, पराशयाने मोजलेल्या ताऱ्यांवरूनच लावलेला असतो.

मला पार्सेक आवडण्याचे कारण असे की मोजणाऱ्याने प्रत्यक्षात काय मोजले ते त्यात दिसते. त्याने कोन मोजला. पाया त्याने मोजलेला नसतो. तो दुसऱ्या कोणीतरी मोजून दिलेला असतो आणि त्याने तो विश्वासाने घेतलेला असतो. पाया चुकला तर त्यावर काढलेली सगळी अंतरे त्याच प्रमाणात चुकतात, आणि ती चूक आकडेमोड कितीही तपासली तरी सापडत नाही. मागच्या शतकात असे घडले आहे. तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे दोन प्रकार एकच समजले गेले होते. ते वेगळे ओळखले गेले त्या वर्षी देवयानी दीर्घिका होती त्याच्या दुप्पट लांब गेली. हे मी दरवर्षी शिकवत होतो. पुढचे वाचताना हे लक्षात ठेवावे.

सांगलीला आल्यावर दुसऱ्या वर्षी मी पराशयाचा प्रयोग मैदानावर बसवला. मैदानाच्या कडेला काँक्रीटमध्ये दोन लोखंडी खुंट्या पुरल्या, एकमेकींपासून बरोबर वीस मीटरवर. रस्त्यापलीकडे पाण्याची उंच टाकी होती. तिच्या माथ्यावरचा वीजरोधक दांडा हा आमचा तारा. लिलावात घेतलेला जुना थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, विद्यार्थ्याने एका खुंटीवर लावायचा, दांड्याची दिशा वाचायची. मग दुसऱ्या खुंटीवर लावून पुन्हा वाचायची. दोन दिशांमधला फरक हा पराशय. त्यावरून टाकीचे अंतर. मी स्वतः ते अनेक वेळा काढले होते आणि एकदा जमीनमोजणीची साखळी ओढत जाऊन ताडून पाहिले होते. चारशे बारा मीटर. प्रयोगाच्या छापील कागदावर पहिलीच ओळ होती : पाया वीस मीटर.

विद्यार्थी उत्तर आणत, मी पाहत असे. चारशे सहा ते चारशे अठरा यांच्या आत असेल तर सही. बाहेर असेल तर पुन्हा करा. कारण विचारण्याची माझी पद्धत नव्हती. वर्गात मी सर्वांना अहोजाहो करत असे आणि ते आदराने करत नसे. जवळ कोणी येऊ नये यासाठी करत असे. शिस्त त्याने टिकते असे मला वाटे. टिकतही होती.

निवृत्तीला चार वर्षे राहिली असताना सुजाता पवार या विद्यार्थिनीने चारशे अडतीस आणले. ती वाळव्याकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येई. मी पुन्हा करायला सांगितले. दुसऱ्यांदा चारशे सदतीस, तिसऱ्यांदा चारशे एकोणचाळीस. वर्गातली मुले तिला, तुझी टाकी मिरजेला चालली काय गं, असे विचारू लागली होती. ते मला नंतर कळले. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी विचारले, बाकीच्या बत्तीस जणांना चारशे बाराच्या आसपास कसे मिळते?

"ते मला विचारू नका, सर."

"मग काय, टाकी सरकली?"

"टाकी सरकली नसेल," ती म्हणाली.

मी तिला पुन्हा मोजायला सांगितले. ती म्हणाली, आता मोजून तेच येणार. तुम्ही म्हणत असाल तर चारशे बारा लिहिते. पण हे वाचन माझे नाही असेही खाली लिहीन. मला तो उद्धटपणा वाटला. मी तिचे जर्नल बंद करून टेबलाच्या पलीकडे सरकवले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. विद्यार्थी वर्षभराचे प्रयोग ज्या वहीत लिहितो ते जर्नल. सगळे प्रयोग पूर्ण केले अशी विभागप्रमुखाची सही त्यावर लागते. सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रात्यक्षिक नसेल तर वर्ष जाते. विभागप्रमुख मी होतो. सुजाता एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा आधीच उत्तीर्ण झाली होती. तिची जागा त्या वर्षाच्या पदवीवर अवलंबून होती. सह्यांचा शेवटचा दिवस शनिवार होता.

शुक्रवारी दुपारी तिचे वडील आले. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, पांढरा शर्ट नीट खोचलेला. पालक रदबदली करायला येतात तेव्हा काय बोलतात ते मला पाठ होते, आणि त्याला द्यायचे उत्तरही पाठ होते. मी त्यांना बसायला सांगितले. ते बसले नाहीत.

"आवं सर, पोरगी खोटं लिवणार न्हाई, आन तुमी सही करणार न्हाई," ते म्हणाले. "मला तुमा दोगांतबी खोट दिसत न्हाई. मंग मधी काय तरी चुकतंय. बेस कवा मोजला हुता?"

मी विचारले, तुम्हांला बेस काय माहीत? त्यांनी सांगितले की ते तोफखान्यात सर्व्हेच्या कामावर होते. बावीस वर्षे हेच केले. दोन ठिकाणांहून निशाण पाहायचे, कोन घ्यायचे, अंतर काढून तोफेवाल्यांना द्यायचे.

मी कागद पुढे केला. पाया वीस मीटर.

"हे लिवलंय. मोजलंय कवा?"

मी वर्ष सांगितले. ते म्हणाले, "आमच्यात बेस दोनदा मोजायचा. येकदा जाताना, येकदा येताना. रोज. कागदावर लिवल्यालं अंतर गोळ्याला वाचता येत न्हाई, सर."

विभागात तीस मीटरची पोलादी टेप होती. मी प्रयोगशाळेचे परिचर शिंदेमामा यांना ती घेऊन मैदानावर यायला सांगितले. शिंदेमामा विभागात माझ्याइतकेच जुने. टेप आणायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणाले. किल्ली त्यांच्याच कंबरेला होती.

हवालदारांनी टेपचे एक टोक पहिल्या खुंटीवर धरले, मी दुसरे घेऊन चालत गेलो. टेप ताणली. अठरा मीटर ऐंशी सेंटिमीटर. मग त्यांनी टोके बदलायला लावली. अठरा मीटर एक्क्याऐंशी. त्यांनी टेप गुंडाळून माझ्या हातात दिली.

"मंग पोरीचं बरुबर हाय," एवढेच ते म्हणाले, आणि सावलीत जाऊन उभे राहिले.

मी शिंदेमामांकडे पाहिले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. सहा वर्षांपूर्वी मैदानाची भिंत नव्याने बांधली तेव्हा गवंड्यांनी दुसरी खुंटी उपटून टाकली होती. मूळ जागी भिंतीचा चर आला होता. मामांनी ती चार फूट आत पुन्हा बसवली आणि वर काँक्रीट ओतले.

"मला का सांगितले नाही?"

"त्या आटवड्यात पिरझम फुटलं हुतं, सर. तुमी मला पोरांच्या म्होरं बोलला हुता. मला वाटलं, पोरांची उत्तरं चुकली की तुमाला आपोआप कळंल. पर उत्तरं काय चुकली न्हाईत."

"का चुकली नाहीत?"

"पोरं तुमाला चारशेबारा म्हणत्यात," शिंदेमामा म्हणाले. "तुमाला ठाव न्हाई?"

मला ठाऊक नव्हते. सहा वर्षांत सहा तुकड्यांनी वीस मीटरचा नसलेला पाया घेऊन वीस मीटरचे उत्तर आणले होते. ते मोजून येणे शक्य नव्हते. आधी उत्तर लिहायचे, मग त्यातून उलट कोन काढायचा, आणि खरे वाटावे म्हणून एक-दोन मीटर इकडे-तिकडे करायचे. मी त्या सगळ्यांवर सह्या केल्या होत्या, काहींवर उत्तम असा शेराही दिला होता. सहा वर्षांत मी स्वतः एकदाही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

सुजाता ग्रंथालयात बसली होती. तिला बोलावले आणि पाया किती निघाला ते सांगितले. तिने जर्नल उघडून माझ्यासमोर उभ्यानेच आकडेमोड केली. चारशे अकरा पूर्णांक सात दशांश. तिने वडिलांकडे पाहिले नाही. तिने विचारले, "सर, चारशे अडतीस खोडू का?"

"खोडू नका. पाया कागदावर वीस होता, त्यावर तुमचे उत्तर बरोबर होते."

"मग पाया चुकला होता असे कोणीतरी लिहायला हवे. परीक्षक विचारतील."

तिचे म्हणणे योग्य होते. मी तिच्याच पेनने लिहिले : पाया वीस मीटर नसून अठरा पूर्णांक आठ मीटर. चूक विभागाची. खाली सही केली आणि तारीख घातली. विभागाची चूक असे त्याआधी मी कुठल्याही कागदावर लिहिले नव्हते. हवालदार पवारांनी दारातून मला सॅल्यूट केला. मला तो घ्यावा की नाही ते कळले नाही. मी मान हलवली. ती दोघे साडेचारची एसटी गाठायला निघून गेली.

शनिवारी सकाळी मी उरलेल्या बत्तीस जणांना वर्गात बसवले आणि सरळ विचारले. मिरजेचा एक मुलगा उभा राहिला. त्याने सांगितले की सुरुवातीला ते खरेच मोजत. पण चारशे बारा आले नाही तर सर कारण न विचारता पुन्हा करायला लावतात, आणि मागच्या वर्षीच्या मुलांकडून तयार वाचने मिळतात. "सर, आम्हांला वाटले आमचेच चुकते," तो म्हणाला. मी त्याला बसायला सांगितले. त्यांच्या सह्या रद्द केल्या तर त्यांचे वर्ष जाणार होते, आणि ठेवल्या तर न केलेल्या प्रयोगावर माझी सही राहणार होती. मुख्याध्यापकी थाटाचे भाषण करण्याचा अधिकार मला उरला नव्हता. शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस मैदानावर प्रयोग पुन्हा घेतला. पाया प्रत्येकाने स्वतः मोजायचा, जाताना एकदा आणि येताना एकदा. मी दोन्ही दिवस तेथे उभा होतो आणि उत्तर विचारत नव्हतो, कोन विचारत होतो. तीनशे अठ्ठ्याण्णवपासून चारशे एकतीसपर्यंत उत्तरे आली. इतकी विखुरलेली उत्तरे त्या प्रयोगात मी प्रथमच पाहिली. सगळ्यांच्या जर्नलवर जुन्या सहीखाली पुन्हा सही केली. दुसऱ्या वर्षीपासून छापील कागदावर पायाची जागा रिकामी ठेवली. शिंदेमामांची मी माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या सर, प्रिझम माझ्याकडनंच फुटलं हुतं.

सुजाता पुढे शिकली. सध्या ती काय करते ते तिच्या परवानगीशिवाय लिहिणार नाही.

राहिले भिंत बांधल्यापासूनच्या आधीच्या तुकड्यांचे विद्यार्थी. त्यांतले बरेच आज सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत विज्ञान शिकवतात, पराशयही शिकवतात. मी त्यांना कळवायला हवे होते. चार वर्षे नोकरी उरली होती, नाव होते, आणि मी कळवले नाही. आता वय झाले आहे आणि हे लिहिण्याला दुसरी जागा नाही. तुमच्या जर्नलमधल्या पायाचा आकडा चुकीचा होता. तुम्ही उत्तर कसे आणले ते तुम्हांला माहीत आहे. तसे आणायला मी तुम्हांला शिकवले.

त्यांत तासगावकडचा एक मुलगा होता. भिंत झाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षीचा. त्यानेही चारशे अडतीस आणले होते. मी जर्नल परत दिले. दुसऱ्या दिवशी तो चारशे बारा घेऊन आला आणि मी त्यावर लिहिले, 'या वेळी काळजीपूर्वक मोजले आहे.' त्याचे नाव मला आठवत नाही. जुनी हजेरीपत्रके शोधली, मिळाली नाहीत. तो हे वाचत असेल तर त्याला एवढेच कळावे की पहिल्या दिवशी त्याने घेतलेला कोन बरोबर होता.